तीस मिनिटं

घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर
मी तीन वर्षं पर्यावरण लिहीत होते.
पगार बरा, खुर्ची फिरती,
"लक्षणीय परिणाम संभवत नाही" हे वाक्य
बोटांना इतकं पाठ, की डोळे मिटून टाईप व्हावं.
एकदा सोलापूरच्या फाइलमधली पक्ष्यांची यादी
तशीच चिकटवली, आणि बाळकुमच्या खाडीकाठी
चिखलात माळढोक उभा राहिला.
वाट पाहिली. कुणी हसेल, कुणी फोन करेल.
परवानगी आली. पेढे आले.
माळढोक अजून तिथेच असेल,
पान एकशे बेचाळीस.

आता मी ऐरोलीला असते, मलप्रक्रिया केंद्रात.
आई पाहुण्यांना सांगते, "पाणीखात्यात आहे."
सांडपाण्यातलं सांड तेवढं ती गाळते.
सानपाड्याच्या स्थळाने विचारलं, वास येतो का?
म्हटलं, येतो ना. तुमच्याच घरातला.

पहिल्या दिवशी धर्माकाका भोईर म्हणाले,
"मशीन मंग. आदी नाकानी शिक."
सडक्या अंड्यासारखा वास, तर टाकीचा श्वास कोंडलाय.
ओल्या मातीसारखा, तर धडधाकट.
त्यांचे वडील याच खाडीत निवट्या धरायचे.
काका ते फारसं बोलत नाहीत,
फक्त डबा खायला
पाणी बाहेर पडतं त्या शेवटच्या झडपेपाशी बसतात.

रोज सकाळी लिटरभर चॉकलेटी पाणी
काचेच्या उभ्या नळीत भरायचं,
घड्याळ लावायचं. तीस मिनिटं.
ढवळायचं नाही, हात लावायचा नाही.
गाळ हळूहळू खाली बसत जातो
आणि वर उरतं ते
पिण्याजोगं नाही, पण आरपार दिसण्याजोगं.
सूक्ष्मदर्शकाखाली देठावरच्या इवल्या घंटा
आखडतात, उलगडतात,
अख्खं शहर खातात.
त्यांना हजेरी नाही, बढती नाही.
मला आहे, पण कधी ते माहीत नाही.

परवा गाळ बसलाच नाही.
कापसासारखा फुगून तरंगत राहिला.
पेन थांबलं. बोटांना
ते जुनं वाक्य आठवायला लागलं.
काका खांद्यावरून वाकून म्हणाले,
"बसला नाय तं नाय बसला. लिव तसाच."

लिहिलं: आठशे दहा.
मग दोघं उन्हात गेलो,
हवेचा कुठला पंप रुसलाय ते बघायला.