वहिवाट

वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
माझं टेबल खालच्या कॉम्प्रेसरबरोबर थरथरतं.
इथे बसून मी पेट्या भरते, सॉफ्टवेअरच्या.
पेंढा लागत नाही,
पण कशावर काय ठेवलं हे चुकलं
तर आंब्यासारखंच खालचं आधी नासतं.

माझ्या वाट्याला एक एडिटर आलाय,
मजकूर लिहायचा, साधा.
त्याच्या तीन आवृत्त्या: एकवीस, चोवीस,
आणि अजून रंग न वाळलेली सव्वीस.
तिघींचं नाव एक. तिघींना हवा तोच फोल्डर, तेच दार.
सिस्टिम म्हणते, एका नावाची एकच फाइल.
मागून येईल ती आधीचीला पुसेल.

आमच्या होडावड्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत.
नऊ वारली. तीन सहीपुरती येतात, तीही चतुर्थीला.
एक कोणाचं, ते तलाठ्यालाही ठाऊक नाही.
विहिरीकडे जाणारी पायवाट मात्र एकच,
आणि तिच्या वहिवाटीपायी दोन काकांनी
सावंतवाडीच्या कोर्टाची पायरी गुळगुळीत केली.
मला हे काम जमलं ते बहुधा त्यामुळे.

प्रत्येकीला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं,
नावापुढे आकडा लावला,
मूळ नावाच्या जागी ठेवली नुसती एक खूण,
बोट दाखवणारी: आज हिच्याकडे जा.
उद्या खूण फिरवता येते. मिटलं भांडण.

मिटतंय कसलं.
एकवीसला एक लायब्ररी लागते, जी आता कुणीच बांधत नाही.
मग तीही मीच बांधते.
लायब्ररीला जुना कंपायलर, कंपायलरला तीन ठिगळं,
त्यातलं मधलं मी का लावलं ते विसरले,
काढून बघितलं तर सगळं खाली येतं.
दर सहा महिन्यांनी हे नव्याने,
लाइट टिकेल त्या रात्री.

एवढी कुणासाठी जगवतेस, असं दूरदूरचे सोबती लिहून विचारायचे.
मी उत्तर टाळायचे.
दमाजी कुबल, मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी:
होड्यांचे नंबर, डिझेलचा कोटा, कुणाकडे जाळ्याचे किती येणं,
सगळं एकवीसमध्ये.
चोवीस घातली तेव्हा तिने एक बटण हलवलं होतं,
सेव्ह होतं तिथे बंद आलं,
आणि एका अख्ख्या दुपारची सुरमई
वजनासकट गेली.
ओरडले नाहीत ते. टोपी मांडीवर घेऊन
स्क्रीनकडे बघत राहिले,
न परतलेल्या होडीकडे बघतात तसे.

काल बंदरावर भेटले. म्हटलं, काका, एकवीस बरी चाललीय ना?
"तां जुनां? गेल्या शिगम्याक चेडवान नवीन घालून दिल्यान माका.
बरां आसा. अक्षरां मोठी दिसतत."
आणि बांगड्याचा भाव सांगू लागले.

रात्री बांधणीची फाइल उघडली.
एकवीसच्या डोक्यावर माझीच टीप, अकरा वर्षांपूर्वीची,
एक शब्द: तात्पुरतं.
खाली कॉम्प्रेसर बंद पडला, चालू झाला.
आवृत्ती काढली, लायब्ररी काढली, कंपायलर, ठिगळं,
ते मधलंसुद्धा. काही कोसळलं नाही,
कोसळायला वर काही उरलंच नव्हतं.

बदलाचं कारण लिहा, सिस्टिमने विचारलं.
कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ती नोंद वाचतील,
कोण हे, म्हणून शोधतीलही.
लिहिलं:
कुबल आता नव्यावर आहेत.