अकरा मिनिटांचं लिस्बन

पत्र बेजाहून आलं. निळी शाई,
शाळामास्तरी अक्षर, रेघ कुठे सुटलेली नाही:
"आम्ही दोघं लिस्बन पाहू म्हणतो.
माझी बायको ओतीलिया सलग अकरा मिनिटं चालते.
मग तिला चार मिनिटं बसावं लागतं.
कृपया त्या बेतानं शहराची मांडणी करून कळवावी.
आपला, एव्हारिश्तु."

माहिती केंद्राच्या काउंटरवर मला नऊ वर्षं झाली.
रोज तोच नकाशा उलगडते, तोच लाल ठिपका:
तुम्ही इथे आहात.
किल्ला इकडे, ट्राम तिकडे, पाकीट सांभाळा.
नकाशात टेकड्या आहेत, घाट आहेत,
स्वच्छतागृहंसुद्धा आहेत;
बूड टेकायचं कुठे,
हे छापायचं कुणाला सुचलं नाही. मलाही.

रविवारी निघाले. खिशात
अंडी उकडताना लावतो तो टायमर,
आणि पायांत, कसं सांगू, उसनं म्हातारपण.
कॅथेड्रलपासून चढाला लागले.
इथली फरसबंदी पांढरी, टाचांनी घासून घासून
साबणाच्या वडीसारखी झालेली;
तरण्याताठ्याचाही पाय सटकतो.
नवव्या मिनिटाला ट्राम गेली अंगाला घासून,
खिडकीखिडकीतून फोन बाहेर.
अकराव्याला टायमर किणकिणला,
तिथे भिंत होती.
निळ्या फरशांची, बघत राहावी अशी,
आणि बसायच्या काहीच कामाची नाही.

दुसऱ्यांदा किणकिणला तेव्हा खुर्च्या होत्या,
पण त्या कॉफीच्या मालकीच्या.
वेटर म्हणाला, टेकायचे साडेतीन युरो.
वहीत लिहिलं: इथे नको.

तिसऱ्यांदा जिन्यात. पायऱ्या मोजत होते,
एकतिसावी फुटकी, तीही टिपून घेतली,
तेवढ्यात अर्ध्या दारातून एक डोकं बाहेर:
"काय हरवलंय?"
"बाक," म्हटलं.
दोना देओलिंदा हसल्या नाहीत.
आत गेल्या, मासे साफ करायचं बुटकं स्टूल आणलं,
फडक्यानं पुसून उंबऱ्याबाहेर ठेवलं.
"गुरुवारी मी दवाखान्यात असते.
बाकी कुठलाही वार घाला."
मग समोरच्या दाराकडे हनुवटी उडवून:
तिथे आता किल्ली नसते, आकडे दाबतात,
तीन रात्री झाल्या की शेजार बदलतो.
चाकांच्या बॅगा नुसत्या खडखडत जातात.
फेर्नांदा गेल्यापासून
ह्या स्टुलावर कुणी बसलेलं नाही.

बेत पाठवला. किल्ला वगळून.
चार बाकं,
चर्चची एक पायरी, सावली तीननंतर,
एक स्टूल, गुरुवार सोडून,
आणि शेवटी नदी. तिथे कठडाच आहे, हवं तितकं बसा.
साहेबांनी विचारलं, ही कुठली सहल?
म्हटलं, गुडघ्याची.

तीन आठवड्यांनी पुन्हा निळी शाई:
"सराव सुरू केला आहे.
अंगणात आपल्या वहीबरहुकूम खुर्च्या मांडल्यात.
ऑलिव्हच्या झाडाखाली कॅथेड्रल,
खुराड्याशी दोना देओलिंदांचं घर.
आमचं स्टूल जरा उंच वाटतं. पाय कापू का?
पहिल्या दिवशी भिंतीपासूनच परतलो.
काल विहिरीपर्यंत, म्हणजे नदीपर्यंत, पोहोचलो.
संध्याकाळचे सहा झाले होते.
ओतीलिया म्हणाली, इथे वारा चांगला आहे,
आणि लगेच उठेना.
कासा ब्रांकाला गाडी बदलायची आहे,
फलाट किती लांब ते कळवावं.
तारीख ठरली की लिहितोच."

जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद केला.
शिंप्याची टेप घेऊन जिना चढते आहे.
एकोणतीस. तीस.
एकतिसावी, जपून.