शून्य का नाही

दर बुधवारी कणकवलीहून एसटीने
मी देवगडच्या कातळावरल्या या कॉलेजात येते.
जिमखान्यामागची खोली, सोंगट्या हरवलेला कॅरम,
दोन खुर्च्या.
प्रत्येक मुलामागे मला दिलंय एवढंच:
वीस मिनिटं आज, वीस पंधरवड्याने,
मग तीन महिन्यांनी एक फोन.
चहा ठेवताना शिपाई म्हणाला,
"चाळीस मिन्टांत दारू सुटता?
माझ्या बापाशीक चाळीस वर्सां पुरली नाय."

खुशीराम चौधरी, एस. वाय. कॉमर्स.
हजेरीपटावर जळगावचा वाटतो.
गाव कैलाली, नेपाळ, सपाट भाताचा मुलूख,
तरी वर्गात हाक एकच: ए गुरखा.
बाप हापूसच्या बागेत राखणीला,
गलोल आणि सुतळी बॉम्बवर वानरं हाकतो.
आई पेट्यांत गवत भरते.
मुलाचा 'ळ' माझ्यापेक्षा स्वच्छ.

छापील पहिला प्रश्न: एका वेळी किती पेले?
तो विचारतो, कुठला पेला?
गावी सणाला आजी आधी देवापुढे शिंपडून
पितळी वाटीतून जाँड देते, ती धरायची?
का बंदरावर, लिलाव उठल्यावर,
बर्फाच्या पेटीवर बसून
गोव्याची क्वार्टर फिरते हातोहात, ती?
फॉर्म करणाऱ्याने बंदर पाहिलेलं नव्हतं.
मी समासात लिहिलं: पेला नाही.

रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही,
असं आम्हाला शिकवलंय. विचारायचं, आणि थांबायचं.
मी थांबले.
बाहेर पवनचक्कीचं पातं
हवा कापत होतं, एकसुरी.
मग तो म्हणाला,
"प्यायलो की कुणी विचारत नाही तू कुठला.
तेवढा वेळ सगळेच बंदरावरचे."

याला चौकट नव्हती.

पर्समधली फूटपट्टी टेबलावर ठेवली.
शून्य ते दहा. कमी करायची तयारी किती?
त्याचं बोट तिनावर.
आता तो सवयीने खाली बघत होता,
दहा का नाही, हे ऐकायच्या तयारीत;
मार्कांत, मराठीत, वागण्यात
आजवर सगळ्यांनी तेच विचारलेलं.
मी विचारलं, शून्य का नाही?

पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं त्याने.

"मागच्या महिन्यात बाबा तापाने पडले.
पहाटेची राखण माझी होती. उठलोच नाही.
वानरांनी दोन कलमं साफ केली.
मालकाने बाबांचे पैसे कापले.
बाबा मला काही बोलले नाहीत."
पट्टीवरचं बोट हलवलं नाही.
"काही बोलले नाहीत. म्हणून तीन."

दुसऱ्या खेपेला बरोबर वीस मिनिटं उशिरा आला,
म्हणजे आलाच नाही, हिशेबाने.
मी चार-चाळीसची गाडी सोडली.
एका शनिवारी लिंबू सोडा घेऊन बसलो,
पोरं हसली, म्हणाला.
पुढच्या शनिवारी प्यायलो.
पण घरी चालत गेलो, आणि पहाटे उठलो.
दोन्ही लिहून घेतलं. शाबासकी दिली नाही,
जीभ चावून धरली.
तो उठताना म्हणाला, पट्टी नाही आणलीत आज?

जूनमध्ये बागा रिकाम्या,
नेपाळी बिऱ्हाडं गाड्या भरून गेलेली.
त्याचा नंबर तीनदा संपर्क क्षेत्राबाहेर.
चौथ्या दिवशी, मी हॉस्पिटलच्या रांगेत असताना,
परदेशी आकड्यांचा फोन. खरखर, कुठेतरी कोंबडा,
आणि मग घाईघाईने,
"मॅडम, पाच."
कट.

पाच काय रे?
पट्टीवरचे, की आठवड्यातले?
फॉर्मात दोन्हींना वेगवेगळे रकाने आहेत.
जिल्ह्याला अहवाल शुक्रवारी जायचाय.
मी दोन रकान्यांमधल्या रेघेवरच
पेन्सिलीने पाच काढला,
आणि फोन उलटा न ठेवता
सुलटा ठेवला.