फ्रीज

गाडी वेशीपाशीच थांबते.
पुढं बेरातच्या किल्ल्यात चाकाचं काही चालत नाही.
गल्ल्या दोन माणसांच्या रुंदीच्या,
दगड इतक्या पिढ्यांनी घासलेले
की पावसात शेळीसुद्धा भिंतीला धरून जाते.

विटोरेचा फ्रीज यानिनाहून आलाय,
मुलानं पाठवलेला, ग्रीक लेबलासकट.
आम्ही सहाजण. थानास पुढं, कारण तो बुटका.
दोर तोच,
फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याला खाली नेलं तेव्हाचा.
कुणी बोललं नाही.
गाठ मी मारली होती, मी ओळखली.

बायका तटावर मांडलेल्या लेसच्या चादरी
भराभर गोळा करतात, वाट द्यायला.
एक पाहुणा कॅमेरा बाजूला करून
खुणेनं विचारतो, हात लावू का?
थानास म्हणतो, त्याला म्हणावं तू तटाचा फोटो काढ,
तट जागचा हलत नाही.

या किल्ल्याला वेढे पडले. शाळेत पाठ होते,
सनावळ्या गेल्या.
मी पाहिलेला वेढा उलटा होता:
दरवाजा आतूनच उघडायचा,
पहाटे, एकेक बॅग, एकेक घर.
आमच्या गल्लीत अकरा धुराडी होती.
तिनातून धूर येतो,
त्यातलं एक हॉटेल.

लाल मशिदीच्या अर्ध्या मिनारापाशी
फ्रीज टेकवतो, दम खायला.
उतरतानाही इथंच टेकवलं होतं.
तेव्हा कुणी सिगारेट पेटवली नव्हती.

दारात अडतो. चार बोटं कमी पडतात.
आम्ही तिरका करतो, आडवा करतो,
शेजारचा इल्मी देवाधर्माचं काहीबाही बोलतो.
विटोरे आतून पहार घेऊन येते.
"चौकट काढा. तो गेला तेव्हापासून
तशीही वाऱ्यानं वाजते."

मग भिंतीतून वायर, मग घरघर.
ती आत ठेवते अंजिराच्या मुरंब्याची बरणी,
अर्धं लिंबू,
आणि बराच वेळ विचार करून पाण्याची बाटली.
दार मिटते. उघडते.
दिवा लागतो. पुन्हा मिटते.
"आत आहे का गं अजून?" थानास विचारतो.
"आहे," ती म्हणते, न हसता.

राकीचा एक एक घोट झाला.
चौकट उद्या बसवू.
मी दोर गुंडाळायला घेतला,
गाठ नखानं सैल करून पाहिली,
सुटत होती.
तशीच ठेवली.