किल्ली

न्यायाधीशांनी विचारलं,
कुदो मिनेको, किल्ली तुम्हाला दिसली होती का?

वकिलानं पढवलं होतं, आठवत नाही म्हणा.
जीभ उचललीच नाही.

दिसली होती.
मुळ्याच्या लोणच्याच्या बशीला टेकून पडलेली,
लाल दोऱ्यात ओवलेली छोटी घंटा तिला.
साके सांडली तेव्हा मी फडकं घेतलं,
किल्ली उचलली, खालचं पुसलं
आणि होती तिथंच परत ठेवली.

घंटा वाजली सुद्धा.

नारिता शिगेओ. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक.
सफरचंदाच्या बागेतून छाटणी करून आला
की पहिला घोट माझ्याकडे,
आणि बायको गेल्यापासून शेवटचाही.
त्या रात्री बर्फ तिरका पडत होता.
टेलिफोनपाशी नंबर चिकटवलाय माझ्याकडे:
दोघं येतात, एक तुमची गाडी तुमच्या घरी नेतो,
दुसरा मागून येतो, त्याला परत न्यायला.
मी फोन केला. पाऊण तास लागेल, म्हणाले.
"पुलापलीकडे तर घर," नारिता हसला,
"पाऊण तासात मी अंथरुणात असेन."
मीही हसले.
फोन ठेवला,
आणि थंडी फार म्हणून, वाटेला म्हणून,
आणखी एक बाटली गरम केली.

पुलावर सासामोरी ताए
सायकल हातात धरून चालत होती. बर्फात चाक चढत नाही.
इस्पितळात रात्रपाळी. वय एकोणतीस.
पोलिसांनी मला फोटो दाखवला:
कठड्यापाशी डबा, फडक्याची गाठ तशीच.
बाकीचे फोटो त्यांनी उलटे ठेवले.

कायदा माहीत नव्हता असं नाही.
चौकीतून आलेलं पत्रक
संडासाच्या दारावर मीच डकवलं होतं,
चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून:
पिऊन चालवणारा. गाडी देणारा.
शेजारी बसणारा. पाजणारा.
चौथ्या चित्रातल्या माणसाला चेहरा काढलेला नाही,
नुसता एप्रन.
गिऱ्हाईकं हसायची, म्हणायची, मिनेकोसान, ही तू.

नारिताला सात वर्षं.
मला दीड, तीही स्थगित;
चार वर्षं धड वागले तर तुरुंग नाही.
सुटलात, वकील म्हणाला,
आणि घड्याळ पाहिलं.

बाहेर तिची आई उभी होती.
मी वाकले, वाकूनच राहिले,
माझ्या नजरेत तिचे बूट, बुटांवर वितळणारं बर्फ.
मग बूट गेले.
दोन ओले ठसे राहिले फरशीवर,
तेही वाळेपर्यंत मी वर पाहिलं नाही.

दुकान बंद केलंय.
तरी सकाळी फळी पुसते, बावीस वर्षांची सवय.
त्या एका जागी आलं की हात थांबतो.
तिथं काही नाही.
तरी मी उचलते, खालचं पुसते,
आणि मग तशीच उभी राहते, मूठ मिटून,
ठेवू कुठं ते कळत नाही.