एकतीस बाय साडेदहा

वाळू वाईट नसते.
ती फक्त खाली बसते
आणि सोबत तुम्हालाही बसवते.

मार्चमध्ये तीनदा बसलो आम्ही,
मिलीला डायलिसिसला नेताना,
पवनचक्कीच्या अलीकडच्या त्याच वळणावर.
मी फावडं चालवत होतो,
ती काचेआड विणकामाचे टाके मोजत होती.
तिसऱ्यांदा काच खाली करून म्हणाली,
"व्हर्लिन, माझ्या रक्ताला एवढा वेळ नाही."

पिकअप चौऱ्याण्णवची, फोर्ड.
टायर अंगानं बारीक, वाळूत सुरीसारखे शिरणारे.
कॉफीच्या डब्यात दोनशे साठ डॉलर,
त्यातले चाळीस पेट्रोलचे, म्हणजे नव्हतेच.
दुकानातला पोरगा म्हणाला, चार नवे, आठशेच्या वर,
बसवायचे वेगळे.
मी कोटाची बटणं लावली.

डेल्मर क्रिझच्या भंगारात एक ब्रॉन्को
उताणी पडली होती,
टप चेपलेलं, चारी चाकं आभाळाकडे.
एकतीस इंच उंच, साडेदहा रुंद.
पाच नट, साडेपाच इंचांचं वर्तुळ,
माझ्या फोर्डचंही तेच:
एका कारखान्याची सख्खी भावंडं,
एक रस्त्यात उलटलं, एक अजून चालतंय.

डेल्मर दोनशेवर अडला.
मी त्याच्या विहिरीची मोटर उघडली,
दुपारपर्यंत ती पाणी ओढू लागली
आणि तो एकशे चाळीसवर उतरला.
चौथा टायर टक्कल पडलेला.
तो मागे उजवीकडे घातला,
मी सहसा जिथे पाहत नाही.

रात्री कोठारात मिली बादली पालथी घालून बसली,
अंगात माझं जाकीट, हातात बॅटरी.
उजेड थरथरत होता, पण योग्य नटावर.
चाकं चढली.
स्टीअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं: खर्र.
उजवीकडे: खर्र, आणि वर एक ठक्.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
पण पाय आधीच पसरून बसलात
तर अंथरूण ठोकून वाढवावं लागतं.
मडगार्डची आतली कड हातोडीनं मुडपली,
खालचं प्लास्टिक कापलं
मिलीच्याच पाव कापायच्या सुरीनं
(तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही),
आणि स्टीअरिंग जिथे अडतं त्या बोल्टखाली
दोन-दोन वॉशर सरकवले.
सगळे मिळून बत्तीस सेंट.

आता अंगणात एका दमात वळता येत नाही.
पुढे, मागे, पुन्हा पुढे,
कोंबड्यांना सवय झाली.
काटा पंचावन्न दाखवतो तेव्हा गाडी एकोणसाठवर असते.
मिलीला सांगितलं,
हिला वाटतं त्याहून ही जोरात पळते.
"माझं उलटं आहे," ती म्हणाली.

वाळूसाठी हवा अठरावर उतरवायची,
डांबर लागलं की परत भरायची.
पंप छोटा, सिगारेटच्या भोकात खुपसायचा,
चार चाकांना वीस मिनिटं.
त्या वीस मिनिटांत आम्ही दोघं
गुरांच्या जाळीपाशी उभे असतो.
बोलण्यासारखं फार नसतं.
पंप इतका ओरडतो की
असतं तरी ऐकू आलं नसतं.

मंगळवारी वळण आलं
आणि गेलंही, मला कळलं ते नंतर.
"थांब," मिली म्हणाली. "मागे घे."
"वाळूत? मुद्दाम?"
"तिसऱ्या वेळी माझी सुई पडली होती. हिरवी, आठ नंबरची."

मी मागे घेतली. ब्रेक दाबला.
वाट पाहिली, गाडी बसेल म्हणून.
बसली नाही.
मिली उतरली, चपट्या रुंद खुणांच्या कडेनं
वाकून चालू लागली.
उशीर होत होता.
मी इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या बाजूनं
शोधायला लागलो.