लिंबानं मोजलेली नदी

तक्त्यात सहाच रकाने होते :
खोली, रुंदी, वेग, तळ, तापमान, मासे.
वेळोद्याजवळ अनेरच्या पात्रात
कार्तिकातल्या एका सकाळी
मी गुडघाभर पाण्यात,
हातात दोरी आणि एक लिंबू.
लिंबू सोडायचं, दहा मीटर जाऊ द्यायचं,
सेकंद मोजायचे.
काठावर सुपडू भोई बिडी विझवून हसला :
"नदीनी नजर उतारी ऱ्हायनी का, माय?"

चौदा सेकंद.
इथं गोटे नारळाएवढे, पाणी त्यांच्यावर फेसाळतं,
इथं मळ्या,
हनुवटीखालच्या चकतीनं दगडाला डकलेला.
अख्खी नदी अंगावरून जाते
तरी जागचा हलत नाही.
आणि गोट्याच्या मागे,
जिथं पाणी वळून स्वतःलाच भेटतं,
त्या वीतभर शांततेत मुरी :
बसायला वाळू, जेवण वाहत दारात.

वाकणावर लिंबू थांबलंच.
गोल गोल फिरत राहिलं. मी घड्याळ बंद केलं.
काळ्या डोहात दोरी संपली, तळ लागला नाही.
"तठे मरळ से," सुपडू म्हणाला,
शेजाऱ्याचं घर दाखवावं तसा.
तिथं एक उंबर आडवा झालेला, तीन पावसाळ्यांपूर्वी,
निम्मी मुळं अजून काठात,
बाकीचा पाण्यात पडूनही पालवी धरणारा.
उन्हात एकतीस, उंबराखाली सव्वीस,
थर्मामीटरनं एवढंच सांगितलं.
मग एक पिकलेलं फळ टपकलं,
खालून पाणी उघडलं
आणि मिटलं.
हे कुठल्या रकान्यात?

चैत्रात परत गेले.
पोकलेन येऊन गेलं होतं, नदी सुधारायला.
पात्र पाटासारखं सरळ,
गोटे काठावर रचलेले, गोदामातल्या पोत्यांसारखे,
उंबर कुणाच्या तरी चुलीत.
पाणी मात्र होतं.
धरणातून आवर्तन सुटलेलं,
कार्तिकापेक्षा चार बोटं जास्तच.

लिंबू सोडलं : नऊ सेकंद.
पुन्हा सोडलं : नऊ.
वाकण होतं तिथं : नऊ.
कुठं अडखळलं नाही, कुठं रेंगाळलं नाही,
शाळा सुटल्यासारखं
केळीच्या बागांकडं निघून गेलं.
मासे : शून्य.
मग खोडून लिहिलं, चार चालट.
वरच्या वर, घाईत.

सुपडूचं जाळं खुंटीला होतं,
त्यात सुनेनं कांदे भरून ठेवलेले.
"पण पाणी तर आहे ना, काका?"
तो बराच वेळ कांद्याचं साल सोलत बसला.
"मासा पानीमा नही ऱ्हास, माय.
मासा जागामा ऱ्हास."

निघताना त्याची सून हळूच बोलली :
रोज आंघोळीला जातात
तर एक गोटा परत ढकलून येतात.
गुडघे दुखतात म्हणून आता लहानच.
सरपंचाला सांगू नका.

मी पुन्हा पात्रात उतरले.
एकेचाळीस गोटे, मोजले तर,
ओबडधोबड, एकमेकांशी न बोलणारे.
शेवटचं लिंबू उरलं होतं, ते सोडलं.
दहा.
कदाचित माझंच बोट
उशिरा दाबलं गेलं असेल.